दारावरचा नंबर

रंग अजून ओला होता. गाडीच्या दारावर ‘महिलांसाठी मोटार ड्रायव्हिंग’ असं झोकदार लिहिलेलं होतं आणि त्याखाली नंबर होता घरचा, हॉलमधल्या फोनचा. तिने पेंटरला आपला मोबाइलचा नंबर कागदावर लिहून दिला होता. तो कागद सासऱ्यांच्या हातात होता आणि सासरे पायरीवर उभे होते, एखादं मोठं काम मार्गी लावल्यासारखे.

‘‘मीच बदलायला सांगितला,’’ ते म्हणाले. ‘‘घराला नंबर असताना मोबाइल कशाला?’’

पेंटरच्या डब्याशेजारी टर्पेंटाइनची बाटली होती. तिने एक चिंधी उचलली, भिजवली आणि पहिला आकडा पुसला.

हॉलमधला तो फोन म्हणायला घराचा होता, पण त्यावर राज्य सासऱ्यांचं. तो त्यांच्या खुर्चीच्या हाताशी असे आणि दुसरी घंटा व्हायच्या आत ते उचलत. आयुष्यभर त्यांनी चौकशीच्या खिडकीत नोकरी केली होती. तेव्हा लोक त्यांना विचारत. निवृत्त झाल्यावर त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. कोण बोलतंय, कुठून, काम काय, तिच्याशीच का, मला सांगितलं तर चालणार नाही का? या सगळ्यातून पार पडून तिच्यापर्यंत पोचायचं म्हणजे माणूस चिवटच हवा.

इतकी वर्षं ती दुसऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होती, तेव्हा हे खपून गेलं. आता जुनी का होईना, तिची स्वतःची गाडी होती. ओळखीपाळखीत तिने घरचाच नंबर दिला आणि वाट बघत बसली. एकही फोन आला नाही. आपल्याकडे शिकायला कोणी येणारच नाही, असं समजून ती रडकुंडीला आली होती. मग लायब्ररीत काम करणाऱ्या बाई रस्त्यात भेटल्या.

‘‘अहो, तीनदा फोन केला मी,’’ त्या हसत म्हणाल्या, पण हसू काही खरं नव्हतं. ‘‘पहिल्यांदा वय विचारलं. मग म्हणाले, नंतर करा. तिसऱ्यांदा म्हणाले, नवरा चालवतो ना, मग तुम्हाला बाजूला बसायला काय होतं?’’

त्या एकट्याच नव्हत्या. त्यांच्या शेजारणीनेही फोन केला होता आणि तिलाही असाच उपदेश मिळाला होता. रस्त्यातून ती थेट घरी आली आणि सासऱ्यांना विचारलं, तर त्यांनी काहीच लपवलं नाही. उलट उगाच वेळ घालवणारी माणसं आपण परस्पर वाटेला लावली, याचं त्यांना कौतुक होतं. त्याच दुपारी तिने मोबाइल घेतला.

तिसरा आकडा पुसेपर्यंत नवराही बाहेर आला. दोघांचंही बरोबर आहे, असं काहीतरी तो पुटपुटला आणि चप्पल शोधू लागला.

‘‘एवढ्या वर्षांचा नंबर आहे,’’ सासरे म्हणाले. ‘‘त्याला काही इभ्रत आहे. मोबाइल काय, भाजीवाल्याकडेही असतो.’’

‘‘असतो ना. म्हणून भाजीवाल्याला फोन लावला की भाजीवालाच बोलतो.’’

‘‘आणि बाईमाणसाचा नंबर असा रस्तोरस्ती मिरवायचा? कोणीही फोन करेल.’’

‘‘कोणीही करावा म्हणूनच लिहितेय, बाबा.’’

सासरे एकदम खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘मग त्या फोनचं काय करायचं?’’

तुमच्यासाठी येतील ते फोन तुम्ही घ्या, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांच्यासाठी फोन येत नसत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला त्यांचं वाईट वाटलं, मनापासून वाटलं. हात मात्र थांबला नाही.

दार साफ झालं. तिने पेंटरला नवा नंबर लिहायला सांगितला, तर तो ब्रश हातात धरून सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने त्याच्या हातातून ब्रश घेतला आणि खाली बसली. आकडे वेडेवाकडे आले, आठचं शेपूट तर पार खाली घसरलं. पण लांबूनही वाचता येत होते.

पुढच्या आठवड्यात लायब्ररीतल्या बाई मोकळ्या मैदानात तिसऱ्यांदा गाडी बंद पाडत होत्या, तेव्हा मोबाइल वाजला. गाडी तशीही थांबलेलीच होती. तिने उचलला.

‘‘गाडी शिकवणाऱ्या बाई आहेत का?’’ पलीकडचा आवाज दबका होता.

‘‘हो, मीच बोलतेय.’’

‘‘तुम्हीच?’’ बाईचा आवाज आणखी खाली आला. ‘‘मी काल बाजारात तुमची गाडी बघितली. मला विचारायचं होतं, म्हणजे माझ्यासारखीला...’’

मागून एका पुरुषाचा आवाज आला. कोणाशी बोलतेयस?

‘‘कोणी नाही, राँग नंबर लागला,’’ ती बाई त्याला म्हणाली आणि फोन बंद झाला.

मोबाइलवर नंबर राहिला होता. लँडलाइनचा होता. कुठल्यातरी घराचा, कुणाच्यातरी खुर्चीजवळचा.

‘‘लावा ना परत,’’ लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या.

तिचं बोट बटणावर गेलं होतं. तिने ते काढून घेतलं. ‘‘नको. मी लावला तर दुसरंच कोणीतरी उचलेल, आणि ऐकून घ्यावं लागेल तिला.’’

तिला राग आला होता, इतका की डोळ्यांत पाणी आलं. पण त्या बाईने एकदा तरी नंबर फिरवला होता. आलेला नंबर तिने मोबाइलमध्ये साठवून ठेवला. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून नावाच्या जागी ‘येणार’ असं लिहिलं आणि बाईंना गाडी पुन्हा सुरू करायला सांगितलं.