घरातली वाट

बालवाडीतली पोरं दीप्तीच्या एका टाळीसरशी चपला ओळीत लावायची आणि घरात मात्र तिचं कुणी ऐकत नव्हतं. राजेंद्रनगरातल्या त्या तीन खोल्यांत माणसं चारच. ती, तिचा नवरा संग्राम, सासू तानूबाई आणि कॉलेजला जाणारी लेक श्रुती. पसारा मात्र दहा जणांचा. इतकी वर्षं ती पुटपुटत उचलायची आणि विसरायची. आता दारात श्रुतीचं हेल्मेट पडलेलं दिसलं तरी ती हातातलं काम टाकून ते उचलायला धावायची.

त्याचं कारण तिला आणि संग्रामलाच ठाऊक होतं. संग्राम शिरोली एमआयडीसीतल्या एका ओतकामाच्या फौंड्रीत माल तपासायच्या कामावर होता. पावसाळ्यात त्यानं मोटारसायकल एका उभ्या हातगाडीवर घातली. मग भाजीवालीच्या पाटीत पाय घातला. तेव्हा दीप्तीनं त्याला ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसत होतं, पण बाजूचं आणि पायाशी असलेलं बरंच गेलं होतं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधाचे थेंब घालून राखायची, असं डॉक्टर म्हणाले. गाडी बंद करा, घरात चालायच्या वाटेवर काही ठेवू नका, आणि हा आजार घराण्यात उतरतो म्हणून पोरीचेही डोळे एकदा तपासून घ्या, असंही त्यांनी सांगितलं.

दवाखान्याबाहेर संग्रामनं औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, "घरात कुणाला सांगायचं न्हाय. आईला तर न्हायच. तिच्या तोंडनं गल्लीत जाईल, गल्लीतनं कंपनीत."

दीप्तीनं शब्द दिला. पाठ धरलीय म्हणून कंपनीच्या बसनं जातोय, असं त्यानं घरात सांगितलं आणि तो विषय तिथंच मिटवला.

तिचा मात्र मिटला नाही. तिनं भिंतीला खुंट्या मारून घेतल्या, चपलांना मांडणी आणली. एका रविवारी सगळ्यांना बसवून कामं वाटून दिली. खुर्च्या टेबलाखाली सरकवायच्या ते श्रुतीनं, पाण्याची भांडी कट्ट्यावर ठेवायची ते तानूबाईंनी. दोघींनी माना डोलावल्या. दोन दिवस घर आरशासारखं राहिलं. तिसऱ्या दिवशी चार्जरची वायर पुन्हा दारातून आडवी गेली.

"ठेवतो की गं मम्मी, आल्यावर," असं म्हणून श्रुती स्कूटरला किक मारायची. ती गेल्यावर दीप्ती वायर गुंडाळायची, बादली सरकवायची, पाट उचलायची. संध्याकाळी कंपनीची बस यायच्या वेळी तर ती खोल्याखोल्यांतून नुसती फिरत राहायची. आईला सफाईचं वारं लागलंय, असं श्रुती मैत्रिणींना सांगायची. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो ताटावर बसून मुकाट्यानं भाकरी मोडायचा. दीप्तीला त्याचा राग यायचा आणि रागाची लाजही वाटायची.

सगळ्यात अवघड होतं ते तानूबाईंचं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय लांब करून धान्य निवडायचं ही त्यांची कित्येक वर्षांची जागा. तिथून दार दिसतं, टीव्ही ऐकू येतो, सुनेवर लक्ष राहतं. दीप्तीनं त्यांना खिडकीजवळ उजेडात बसायला सुचवलं, तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. मी आता या घरात नडायला लागले का, असं त्यांनी विचारलं. दीप्तीनं सूप उचलून पुन्हा त्यांच्या मांडीशी ठेवलं.

व्हायचं ते एका संध्याकाळी झालं. दीप्ती गच्चीवर कपडे काढायला गेली होती. दिवा अजून लावला नव्हता. संग्राम कामावरून आला, पाणी प्यायला आत निघाला आणि त्याचा बूट घातलेला पाय आईच्या नडगीवर पडला. तानूबाई कळवळल्या. सुपातली मसूर घरभर झाली. तो भिंतीला धरून सावरला. दिसलं नाही हे त्याच्या ओठांवर आलं असणार, पण निघालं ते वेगळंच.

"वाटेत कशाला बसतीस?"

एवढं बोलून तो आत गेला. दीप्ती धावत खाली आली तेव्हा तानूबाई नडगी चोळत नव्हत्या की रडत नव्हत्या. त्या नुसत्या दाराकडं बघत होत्या.

सकाळी त्यांनी पिशवी भरली, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले आणि लेकीकडं गडहिंग्लजला निघाल्या. संग्राम खाली मान घालून बसून राहिला. सांगा की हो, असं दीप्तीनं त्याला डोळ्यांनी विनवलं. तेही त्याला दिसलं नसावं, किंवा दिसूनही त्यानं बघितलं नाही.

मग ती रिक्षानं स्टँडवर गेली. गडहिंग्लजची गाडी लागलेली होती. तानूबाई बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसल्या होत्या. दीप्ती शेजारी टेकली.

"पोटच्या पोरानं लाथ मारली मला," तानूबाई म्हणाल्या. "तू शिकीवलंस म्हणून."

"लाथ न्हाय ओ आत्या. त्यांना दिसत न्हाय."

तानूबाईंनी तोंड वळवलं. दीप्तीनं मग सगळं सांगितलं. गाडी निघून गेली तरी म्हातारी हलली नाही. मग ती म्हणाली, "माझा बा बी शेवटाला असाच भिंतीला धरून चालायचा. आम्ही म्हणायचो, म्हातारपण हाय."

दीप्तीला डॉक्टरांचं सांगणं आठवलं. श्रुतीला तपासायचं राहिलं होतं.

दोघी घरी आल्या. तानूबाईंनी पोराला जवळ घेतलं नाही की गळाही काढला नाही. डोक्यावरचा पदर दोन्ही बाजूंनी पुढं ओढून, पोराला दिसतं तेवढीच फट समोर ठेवून त्या दारापासून न्हाणीपर्यंत चालत गेल्या. टीव्हीच्या टेबलाचा कोपरा कमरेला लागला.

"हे उचला हितनं," त्या म्हणाल्या. पुढं गेल्या, सिलिंडरला अडखळल्या. "आन हेबी."

श्रुती कॉलेजची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून हे बघत होती. दीप्तीनं तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं टेबलाचं एक टोक धरलं आणि दीप्तीनं दुसरं.

संग्राम मात्र बिघडला. शब्द मोडलास, एवढंच बोलून त्यानं दीप्तीशी बोलणं टाकलं. घर स्वच्छ झालं, वाट मोकळी झाली, उंबऱ्याची जागा सोडून तानूबाई खिडकीशी बसू लागल्या. कुणी काही आडवं ठेवलं की त्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायच्या, पण कारण कधी बोलायच्या नाहीत. दीप्तीनं इतके दिवस हेच मागितलं होतं, आणि आता त्या मोकळ्या घरात त्याचा अबोला अंगावर यायचा. श्रुतीच्या तपासणीची तारीख जवळ येत होती, तीही धास्ती होतीच.

अशात गल्लीत पाइपलाइनसाठी चर खणला. सकाळी संग्राम डबा घेऊन निघाला. घरातून सरळ, कशालाही न लागता फाटकापर्यंत गेला आणि तिथं थांबला. पुढं मातीचे ढीग होते, आडव्यातिडव्या गाड्या होत्या, चरावर एक फळी टाकलेली होती. दीप्ती ओल्या हातानं दारात उभी राहिली. हाक मारावी तर तो चिडेल, न मारावी तर पाय चुकेल.

त्यानं एका हातानं फाटक घट्ट धरलं. मग मागं न वळता म्हणाला, "श्रुती, चल जरा बसपतोर."

श्रुती अनवाणीच धावली. फळीपाशी त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.