पाटाखालचा तुकडा

विहिरीवर पंप सुरू झाला की मोठ्या नळाच्या तोंडातून आधी हवेचा एक ढेकर निघे, मग गढूळ पाण्याची चूळ, आणि मग धार. धार पाटात पडल्यावर पाणी थोडा वेळ जागच्या जागी चाचपडे, कोरड्या भेगांत शिरे, आणि मग पालापाचोळा पुढे ढकलत सावकाश चालू लागे. विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून, फावडे खांद्यावर टाकून ओलेकाका त्याच्या बरोबरीने चालत. पाण्याच्या पुढे जायचे नाही आणि मागेही राहायचे नाही, ही चाल त्यांच्या पायांत मुरून गेली होती. पहिल्या वाफ्याशी पोचल्यावर ते पाटाचा काठ फावड्याने अलगद मोडत, तीच माती पुढे आडवी टाकत, आणि पाणी एखाद्या आज्ञाधारक जनावरासारखे वाफ्यात वळे. वाफा भरला की ते दार बुजवायचे आणि पुढचे मोडायचे. वाकायचे, उठायचे, पुन्हा वाकायचे. अलीकडे उठताना कंबरेत एक कळ येई. ती जाईपर्यंत ते फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभे राहत, आणि बघणाऱ्याला वाटे, काका कांद्याचे कौतुक करत उभे आहेत.

उभा जन्म लोकांच्या शेतात दारे धरण्यात गेला होता. पाय कधी कोरडे दिसत नाहीत म्हणून थोरल्या मालकांनी गमतीने ‘ओले’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव इतके चिकटले की खरे नाव आता घरातही कोणी घेत नसे. थोरले मालक गेले. त्यांच्या मुलाने, म्हणजे धाकट्या मालकांनी, लिंबांच्या सगळ्या बागेला ठिबकच्या नळ्या टाकल्या. झाडाच्या बुंध्याशी काळी नळी, नळीला बारीक तोटी, तोटीतून थेंब. काकांना तो प्रकार पहिल्यापासून पटला नव्हता. तान्ह्या बाळाला चमच्याने पाजावे तसे झाडाला पाजायचे, आणि वर म्हणायचे, झाड प्यायले. पाणी कसे, दिसले पाहिजे, त्याचा आवाज आला पाहिजे.

विहिरीजवळचा एक तुकडा मात्र पाटावरच राहिला होता. नळ्या कमी पडल्या, असे त्या वेळी धाकटे मालक म्हणाले होते. एका हंगामात तिथे कोबी असे, एका हंगामात कांदा. तो तुकडा काकांचा होता. सात-बारावर नव्हे, पण मनाने त्यांचाच.

त्या सकाळी अर्धेच वाफे भरले होते आणि धार बारीक झाली. मग नळ खोकला झाल्यासारखा खाकरू लागला आणि धार तुटली. पाटातले पाणी पुढच्या वाफ्याच्या दाराशी येऊन थबकले आणि काकांच्या डोळ्यांदेखत जमिनीत जिरून गेले.

पंपवाल्याला बोलावणे गेले. तो कंबरेला दोर बांधून विहिरीत उतरला आणि बऱ्याच वेळाने कोपरापर्यंत चिखल माखून वर आला.

“काय झालंय पंपाला?” काकांनी विचारले.

“पंपाला काही झालेलं नाही. बिचारा हवा ओढतोय. पाणी दाखवा, पाणी ओढेल.”

“इतक्यात आटली विहीर?”

“आटली नाही. पण दमलीय.” पंपवाला कठड्यावर बसून हात चोळू लागला. “रात्रभर झरून जे साठतं, ते सकाळी तुमच्या पाटात जातं. बागेची पाळी त्यानंतर. तोपर्यंत उरतंय काय? कुंपणाकडच्या ओळींत नळ्या नुसत्या शिट्ट्या मारतात.”

“तिकडं तोट्या बुजल्यात. मी पहिल्यापासून सांगतोय, या नळ्यांचं काही खरं नाही.”

“मीच साफ केल्यात, काका. एकेक काढून, फुंकून बसवलीय. नळी चकाचक आहे. आत पाणीच येत नाही, त्याला ती तरी काय करेल?”

पंपवाल्याला बोलायला माणूस सापडला की त्याची गाडी उतारावर लागत असे.

“मालकांना मी मागंच म्हटलं, हा कांद्याचा तुकडा बंद करा, नाहीतर यालाही नळी टाका. एका पाटाच्या पाण्यात त्या मागच्या सगळ्या ओळी निघतील. तर ऐकतच नाहीत. म्हणे, तो तुकडा राहू दे. मी म्हटलं, अहो, कांदा विकत आणा, स्वस्त पडेल. तर म्हणाले, कांद्याचं नाही रे. मग ओलेकाकांनी काय करायचं?”

बोलून झाल्यावर आपण कोणाशी बोलत आहोत ते त्याच्या ध्यानात आले. त्याने उगाच दोराची गाठ सोडली, पुन्हा मारली.

“म्हणजे, तसं नाही काका. फार मानतात ते तुम्हाला.”

“मानतात ना,” काका म्हणाले. “चहा घेऊन जा. वहिनींनी टाकलाय.”

तो गेल्यावर काका बाग ओलांडून कुंपणाकडे गेले. इकडे ते क्वचितच येत. आले की लांबूनच बघत. पाने आतल्या बाजूला वळलेली, गोट्यांएवढी लिंबे गळून बुंध्याशी पडलेली. हे सगळे त्यांनी आधीही पाहिले होते, आणि पाहताना वाईट वाटण्याबरोबर मनात कुठेतरी बरेही वाटले होते. बघा म्हणावे, तुमच्या चमच्याने पाजलेल्या झाडांचे काय झाले ते. ती आपल्याच मनातली चोरटी खुशी आता त्यांना ओळखू आली आणि ते तिथल्या एका झाडाखाली बसले. झाडाला सावली अशी उरलीच नव्हती.

बसल्या बसल्या एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. गेल्या खेपेचा कोबी वहिनींनी, धाकट्या मालकांच्या बायकोने, शेजारच्या गोठ्यात पाठवला होता. “आम्हाला एवढा कसा संपणार, काका,” असे त्या हसून म्हणाल्या होत्या. त्याआधीचा कांदा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत पडला होता. मालकांच्या घरात माणसे तीन, आणि कांदा एखाद्या वसतिगृहाला पुरेल इतका. दर हंगामात धाकटे मालक विचारत, “काका, यंदा काय लावायचं तुमच्या तुकड्यात?” आणि आपण दोन दिवस विचार करून, जणू काही मोठा सल्ला देत असल्यासारखे उत्तर देत आलो. त्या पोराने ते उत्तर प्रत्येक वेळी मान डोलावून ऐकून घेतले.

संध्याकाळी घरी त्यांच्या पुढे ताट आले. जेवणात त्यांचे लक्ष नव्हते. बायको समोर उशीच्या अभ्र्याला टाके घालत बसली होती.

“आज जीभ विहिरीत टाकून आलात का?” तिने विचारले.

काकांनी पंपवाल्याचे बोलणे सांगितले. सांगताना ते मधे दोनदा थांबले. तिने सुई खाली ठेवली नाही, पण टाकेही घातले नाहीत.

“मग त्यात त्याने वाईट काय केलं?” ती म्हणाली. “म्हातारा माणूस, उभा जन्म राबला, त्याला सांभाळलं. दुसरा असता तर नळ्या टाकल्या त्याच दिवशी राम राम म्हणाला असता.”

“मला सांभाळायला बाग वाळतेय.”

“एक कोपरा.”

“आज कोपरा.”

तिने सुई अभ्र्यात खोचली. “आणि घरी बसून करणार काय तुम्ही? मागं ताप आला तेव्हा चार दिवस घरी होतात, तर माझे सगळे डबे उलटेसुलटे लावून ठेवलेत. मीठ शोधताना माझी पुरेवाट झाली.”

“ओळीनं लावले होते.”

“मेली ती ओळ!” मग तिचा आवाज खाली आला. “आणि उभं पीक सोडाल? तुम्ही? माझ्या भावाच्या लग्नात पंगतीतून उठून गेलात, पंप चालू राहिला म्हणून. हात खरकटा होता तुमचा. अजून बोलतात लोक.”

तिने नेमके तिथेच बोट ठेवले होते. पाटाचे पाणी बंद करायचे म्हणजे कांदा वाळवायचा. पात हिरवीगार होती, गड्डा अजून धरायचा होता. ज्या पिकाला हाताने पाणी दिले ते तहानेने माना टाकताना रोज बघायचे, हे त्यांना जमले नसते. दुसऱ्याच्या पिकाच्या बाबतीतही जमले नसते.

“रागावलात का?” बायकोने विचारले.

“राग कसला. थकवा आलाय नुसता.”

“मग काय करायचं ते करा. पण रागानं केल्यासारखं करू नका. पोराच्या मनाला लागेल.”

दुसऱ्या दिवशी काका नेहमीपेक्षा लवकर निघाले. वाफ्यांत अजून दहिवर होते. त्यांनी फावडे बांधाला टेकवून ठेवले आणि पहिल्या वाफ्यात उकिडवे बसले. पातीला मुठीत धरून बुडाशी अंगठा रोवला, आणि ओढले. आदल्या दिवशीच्या ओलीने माती सैल होती; कांदा कुरकुर न करता वर आला. पांढरा, बोटाएवढा जाड, मुळांना मातीची झालर. त्यांनी तो झटकला, बाजूला ठेवला, पुढचा ओढला. अर्धवट पीक उपटण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. पहिले काही कांदे हाताने ओढले आणि डोळ्यांनी टाळले. मग हात आपला आपण चालू लागला. वाळवण्यापेक्षा हे बरे, एवढेच ते मनाशी म्हणत राहिले. पातीसकट खाता येतो. वाया जात नाही.

ऊन चढले तेव्हा ओल्या भागातले वाफे रिकामे झाले होते आणि बांधावर जुड्यांची रांग लागली होती. पंप सुरू करायला धाकटे मालक विहिरीकडे आले आणि पाटापाशी थांबले.

“काका, हे काय केलंत?”

“कांदा काढला.”

“अहो, तयार कुठं होता अजून?”

“पात चांगली होती.”

धाकटे मालक जुड्यांकडे बघत राहिले. मग रिकाम्या वाफ्यांकडे. त्यांना कळले असावे, कारण तिथे नसलेल्या पंपवाल्याला त्यांनी एक शिवी घातली, तीही अर्धवट.

“त्याला बोलू नका,” काका म्हणाले. “त्याने सांगितलं नसतं तर मला दिसलं असतंच कधीतरी. दिसायला हवं होतं.”

“काका, बाबा जाताना मला म्हणाले होते…”

“काय म्हणाले असतील ते मला ठाऊक आहे. माणसं सांभाळायची त्यांना सवयच होती.” काकांनी मुळांची माती झटकली. “पण ते असते तर त्यांनी झाडं वाळू दिली नसती. मला शिव्या घालून पाट बंद केला असता, आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलले नसते.”

धाकट्या मालकांना हसू आले आणि ते तिथेच जिरले. ते काकांच्या शेजारी वाफ्यात बसले. त्यांच्या इस्त्रीच्या विजारीला चिखल लागला.

“पुढच्या हंगामात इथं दुसरं काहीतरी लावू,” ते म्हणाले. “कमी पाण्याचं.”

“लावा. पण नळी टाकून लावा.”

“आणि तुम्ही?”

“लिंबं तोडायला माणूस लागतो, आळी खणायला लागतो. काम असेल तेव्हा बोलवा, मी येईन. काम नसेल तेव्हा बोलवू नका.” थोडे थांबून ते म्हणाले, “तुम्ही केलंत ते वाईट मनानं नाही केलं. घरी ही पण हेच म्हणाली.”

धाकट्या मालकांनी एक कांदा उपटला. मग दुसरा. त्यांना सवय नव्हती; पात हातात येई आणि गड्डा आतच राही. “बुडाशी धरा,” काका म्हणाले. उरलेले वाफे दोघांनी मिळून मोकळे केले.

मग काका नळापाशी गेले. पाटाकडे जाणारा व्हॉल्व्ह त्यांनी आवळून बंद केला आणि बागेकडचा उघडला. धाकट्या मालकांनी पंप लावला. या वेळी ढेकर आला नाही, धारही पडली नाही. जमिनीखालच्या नळातून काहीतरी सरकत गेल्याचा बारीक आवाज तेवढा झाला. धाकटे मालक झाडांतून कुंपणाच्या दिशेने गेले. बराच वेळ काही कळले नाही. मग तिकडून त्यांची हाक आली.

“काका, आलं. शेवटपर्यंत आलं.”

“येणारच,” काका म्हणाले, इतक्या हळू की ते तिथवर पोचणे शक्य नव्हते.

ते बघायला गेले नाहीत. फावडे घेऊन ते पाटाच्या शेवटाकडे गेले आणि तिथून पाट बुजवायला लागले. दोन्ही काठ आत ढकलायचे, ढेकळे फोडायची, माती पायाने दाबायची. उघडा पाट राहिला तर उद्या कोणाला तरी त्यात पाणी सोडायचा मोह होईल. कदाचित त्यांना स्वतःलाच. कंबरेत कळ आली की ते थांबत होते, आणि गेली की पुन्हा वाकत होते. वहिनी चहा घेऊन आल्या; काकांनी तो उभ्या उभ्या घेतला आणि जुड्या सावलीत ठेवायला सांगितल्या, म्हणजे पात संध्याकाळपर्यंत मान टाकणार नाही.

ऊन डोक्यावर यायच्या सुमारास ते नळाच्या तोंडाशी पोचले. तिथली माती वर्षानुवर्षे धार पडून खोल गेली होती. तो खड्डा भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. भरून झाल्यावर त्यांनी फावड्याच्या पाठीने जमीन थोपटून सारखी केली, मागे सरून एकदा पाहिले, एका जागी किंचित उंचवटा राहिला होता तो पुन्हा खरवडला, आणि तिथे पसरलेली ताजी माती बाजूच्या मातीशी मिळून गेली.