उलटा हात

मशीन पुन्हा बोंबलायला लागलं, तशी सूनबाई हातातलं काम टाकून धावली.

“बाबा, आता बास झालं. मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावते.”

“या घरातल्या तारेला दुसऱ्या वायरमनचा हात लागणार नाही,” बाबा म्हणाले. “सांगून ठेवतो.”

पलंगावर आई उशांना टेकून बसल्या होत्या. फुप्फुसांनी केव्हाच हात टेकले होते. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकात सोडणारं ते पेटीएवढं मशीन चालू असेल, तोवर त्यांचं बरं चाललेलं असे. पण कालपासून मशीनचं काहीतरी बिनसलं होतं. जरा जोर घेतला की खोलीतला दिवा मंदावायचा, मशीन गुरगुरायचं, लाल दिवा लावून ओरडायचं आणि बंद पडायचं. दुसऱ्या खोलीत नेऊन बघितलं, तिथेही तीच तऱ्हा.

सूनबाईने नळी काढून छोट्या सिलिंडरला जोडली. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्याच्या जवळ आला होता. दुसरा सिलिंडर संध्याकाळशिवाय येणार नव्हता आणि आत्ता कुठे जेवणं आटोपली होती. नवरा नोकरीच्या गावी. तो फोनवरून काळजी करण्यापलीकडे काय करणार?

“कंपनीकडूनच व्होल्टेज कमी येतंय,” बाबा म्हणाले. “घरातले सगळे जोड मी काल स्वतः बघितलेत. एकूण एक गार.”

हे एकदा म्हटलं की विषय संपायचा. बाबांनी उभी हयात वायरमन म्हणून काढली होती आणि कारखान्यात त्यांना सगळे ‘उलटा हात’ म्हणूनच ओळखायचे. सैल जोड तापतो. तो शोधायला बाबा तारांचे जोड असलेल्या बॉक्सच्या झाकणावरून हाताची मागची बाजू फिरवायचे आणि कुठलं झाकण कोमट आहे ते सांगून टाकायचे. हात उलटाच का, तर कुठे करंट उतरला असेल तर मूठ आवळून तारेला चिकटत नाही, झटका बसून मागे येतो. लोक मीटर घेऊन येईपर्यंत बाबांचा चहा पिऊन झालेला असायचा. “लग्न झाल्यावर माझा हातसुद्धा यांनी आधी उलट्या हातानेच शिवून बघितला,” असं आई पाहुण्यांना सांगायच्या आणि बाबा खोटं खोटं रागवायचे. आजारपणातही रोज सकाळी ते आईंची बोटं हातात घ्यायचे. ऑक्सिजन कमी पडला की बोटं गार पडतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. “गरम आहेत. झकास,” असं म्हणून मगच ते उठायचे.

सूनबाई शेजारी जाऊन आली. आली ती दारातच थांबली.

“त्यांच्याकडे काहीच होत नाहीये, बाबा. त्यांचा पंप चालू आहे, तरी दिवा हलत नाही. म्हणजे बिघाड आपल्याच घरात आहे.”

बाबांचा चेहरा उतरला. शेजाऱ्यांची आणि त्यांची लाइन एकाच खांबावरून येत होती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

“पण मग दिवे कसे लागतात?” तिने विचारलं. “दिवे लागतात, पंखा फिरतो, मशीनच का मरतं?”

“दारातून एकेक माणूस जात असला, तर दार अरुंद आहे हे कळतच नाही,” बाबा म्हणाले. बोलता बोलता ते मेन स्विचकडे निघाले होते. “मागून लोटणारा जोर, ते व्होल्टेज. दारातून जाणारी माणसं, तो करंट. आणि अरुंद दार म्हणजे रेझिस्टन्स, अडथळा. दिव्याला दोन-चार माणसं पुरतात. मशीनला जथ्थेच्या जथ्थे लागतात. मग दारात चेंगराचेंगरी, सगळा जोर तिथेच संपतो आणि पुढे काय पोचणार, कप्पाळ? आणि जिथे चेंगराचेंगरी, तिथेच गरमी. मशीन लाव परत. चालू असतानाच सापडेल.”

मशीन घरघरलं. दिवा मंदावला. बाबांनी पॅसेजच्या टोकाच्या बॉक्सवर उलटा हात ठेवला. “गार.” मधल्या बॉक्सवर ठेवला. “गार.” मेन स्विचजवळच्या बॉक्सवर मात्र त्यांनी हात बराच वेळ दाबून धरला, डोळे मिटले. सूनबाईच्या नाकाला जळक्या प्लॅस्टिकचा बारीक वास आला.

“हाही गार,” बाबा म्हणाले आणि त्यांनी हात काढला.

“बाबा, हात बघू.”

“काय झालं?”

“हात बघू आधी!”

तिने त्यांचं मनगट धरून हात उजेडात ओढला. बोटांच्या पेरांवर कातडी लालबुंद झाली होती आणि एका पेरावर तिच्या डोळ्यांदेखत फोड फुगत होता. बाबा त्या फोडाकडे परक्या माणसाचा हात बघावा तसे बघत राहिले. आत मशीन किंचाळलं आणि बंद पडलं.

“तुम्हाला कळलं नाही?” तिने विचारलं. “कधीपासून असं होतंय?”

बाबांनी हात सोडवून घेतला. शुगरमुळे बधिरपणा आधी पायांत आला, मग बोटांत शिरला. चहा गरम आहे का हे ते वाफ बघून ठरवायला लागले, त्यालाही बरेच दिवस झाले होते. डॉक्टरांना सांगितलं नाही, मुलाला नाही, हिला तर नाहीच. वायरमनने कुणाला सांगायचं, की माझा हात गेला म्हणून? त्यांना लाज वाटली, भयंकर लाज. आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण काल याच हाताने ‘गार’ म्हणून ते निवांत झोपले होते.

“तू उघडशील?” शेवटी ते म्हणाले.

“मी? मला भीती वाटते.”

“वाटू दे. मला नाही वाटली, त्याचं काय झालं बघतेस ना.”

आईंची नळी सिलिंडरला लागली. काटा आता लाल पट्ट्यात होता. बाबांनी मेन स्विच खाली ओढला आणि तिथेच पाठ लावून उभे राहिले, कुणी चुकून चालू करू नये म्हणून. खिशातला टेस्टर त्यांनी तिला दिला. हाच टेस्टर मघाशी चालू दिव्याच्या पॉइंटवर पेटवून त्यांनी तो ठीक असल्याचं बघून घेतलं होतं.

“आधी झाकण काढ. आता प्रत्येक तारेला लावून बघ. पेटला?”

“नाही.”

“परत बघ. हं, आता कनेक्टरचा स्क्रू फिरव. सावकाश.”

आतला कनेक्टर एका बाजूने वितळला होता, तार काळीठिक्कर पडली होती आणि तिच्यावरचा स्क्रू बोटानेच फिरत होता. बाबा सांगत गेले, ती करत गेली. काळं टोक छाटलं, आतलं लखलखीत तांबं दिसेपर्यंत तार सोलली, नवा कनेक्टर लावला. आतून आईंच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती आणि ती दर खेपेला लांबत होती.

“अजून आवळ. अजून. तार ओढून बघ. सुटते?”

“नाही सुटत.”

“लाव झाकण.”

बाबांनी मेन चालू केला. मशीन घरघरलं. दिव्याकडे दोघंही श्वास रोखून बघत राहिली. तो जागचा हलला नाही. मशीनचा आवाज एका लयीला लागला आणि हिरवा दिवा लागला. सूनबाईने नळी बदलली, तेव्हा सिलिंडरची फुसफुस जवळजवळ थांबली होती.

जरा वेळाने तिने स्वतःच पॅसेजमध्ये जाऊन बॉक्सवर हात ठेवला. “गार आहे,” ती म्हणाली. बाबांनी ते खरं मानलं. दुसरा इलाजच नव्हता.

ते पलंगाच्या कडेला बसले. आईंनी त्यांचा भाजलेला हात मांडीवर ओढून घेतला आणि फोडावर फुंकर घातली.

“मला ठाऊक होतं,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “मागे चार दिवस माझी बोटं बर्फासारखी पडली होती. आणि हे रोज सकाळी म्हणायचे, गरम आहेत, झकास. म्हटलं, म्हणू देत.”

“अगं, मग बोलायचं नाही का?”

“तुमचं तोंड किती खुलायचं तेव्हा.”

बाबांनी रोजच्यासारखी आईंची बोटं हातात घेतली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. त्यांना काहीच कळलं नाही.

“सूनबाई,” त्यांनी हाक मारली. “जरा इकडे ये. आईचा हात बघ बरं.”

ती आली. पदराला हात पुसले, उलटा हात आईंच्या बोटांवर टेकवला आणि क्षणभर थांबली. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते.

“गरम आहेत, बाबा,” ती म्हणाली.