आईच्या बेडकाचं रेकॉर्डिंग

आमची आई कपडे शिवते आणि बेडूक उडवते. दोन्हीत तिचा हात धरणारं कोणी नाही. पण हे मी म्हणून काही उपयोग नव्हता, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मनगटाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिला बोटं हलती ठेवायला सांगितली होती. रबरी चेंडू दाबायचा तिला लगेच कंटाळा आला. मग दादाचा जुना गेमिंग कन्सोल माळ्यावरून खाली आला. त्यातला एकच खेळ तिला भावला. एक लाल बेडूक छपरांवरून उड्या मारत जातो, शेवटी पवनचक्कीच्या फिरत्या पात्यांमधून सटकतो आणि तळ्यात पडतो. जो सगळ्यात लवकर तळ्यात पडेल तो शहाणा. सुरुवातीला आई बेडकाला शिव्या घालायची. महिन्याभरात बेडूक मुकाट्याने तिचं ऐकायला लागला.

ऑपरेशनपासून कात्री मात्र तिने धरली नव्हती. कापडाला एकदा कात्री लागली की मागे फिरता येत नाही, म्हणून तिच्या शिवणाच्या दुकानात कापायचं काम कारागीर करायचा आणि आई लांबून बघत बसायची. पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याने तिचं कापायचं टेबल मागितलं होतं. सोमवारी सकाळी तो न्यायला येणार होता.

"हात बरा झालाय तुझा," मी म्हणाले. "बेडकाला विचार."

"तुम्ही माझी मुलं. तुम्ही वाहवाच करणार," आई म्हणाली. "परक्या माणसाने बघून सांगू दे हात चालतो म्हणून. मग टेबल ठेवीन."

परकी माणसं इंटरनेटवर होती. हा खेळ खेळणाऱ्यांचं एक मंडळ होतं आणि सगळ्यात कमी वेळ लावणाऱ्यांच्या नावांचा त्यांचा एक फलक होता. त्यावर नाव लागायचं तर खेळाचं रेकॉर्डिंग पाठवावं लागायचं. चित्र थेट मशीनमधून घेतलेलं हवं, फुल एचडी हवं, सेकंदाला साठ फ्रेम हव्यात आणि कोपऱ्यात खेळणाऱ्याचे हात दिसायला हवेत. मंडळी फ्रेम न् फ्रेम तपासतात असं वाचून आईचा चेहरा खुलला. "हे लोक मला आवडले," ती म्हणाली.

माझ्या तर अंगातच आलं. मी फोन कंपनीच्या तक्रार विभागात आहे. दिवसभर लोकांना "बंद करून परत चालू करा" असं सांगते, त्यामुळे घरात मीच तांत्रिक सल्लागार. दादा फोटोग्राफर. त्याच्या मते जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर म्हणजे स्टँडवर लावलेला त्याचा कॅमेरा.

"टीव्हीसमोर लावतो आणि उडवतो बार," तो म्हणाला.

"थेट मशीनमधून हवंय रे. वाचता येतं ना तुला?"

तरी त्याने लावलाच. रेकॉर्डिंगमध्ये बेडकावरून काळे पट्टे सरकत होते, ट्यूबलाइट चमकत होती, आणि टीव्हीच्या काचेत दादा स्वतः जांभई देताना स्वच्छ दिसत होता. एचडीत. मी पोट धरून हसले. त्याने तोंड पाडून कॅमेरा फक्त आईच्या हातांसाठी ठेवायचं कबूल केलं.

शुक्रवारी मी ऑफिसातून परस्पर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. कन्सोलचं चित्र लॅपटॉपमध्ये साठवणारं कॅप्चर कार्ड म्हटल्यावर दुकानदाराने काउंटरवर डब्याच डब्या मांडल्या. मला काय घेऊ नि काय नको असं झालं. एक पेन ड्राइव्हएवढं होतं, एका बाजूने कन्सोलची वायर लावायची, दुसरी बाजू लॅपटॉपमध्ये खुपसायची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत फुल एचडी आणि साठ फ्रेम लिहिलेलं होतं.

"ताई, खेळताना बघणार कुठल्या स्क्रीनवर?" दुकानदाराने विचारलं.

"स्क्रीन ती स्क्रीन. बांधा हे," मी म्हणाले. लोक मला दिवसभर प्रश्न विचारतात, संध्याकाळी मला आणखी प्रश्न नको असतात.

घरी येऊन जोडलं आणि लॅपटॉपवर बेडूक उमटला, लाल, टवटवीत, पायांची बोटंसुद्धा मोजून घ्यावीत असा. मी टाळ्या पिटल्या. कन्सोलची वायर आता लॅपटॉपकडे गेल्यामुळे टीव्ही काळा पडला होता, पण त्याच्याकडे बघायला वेळ कोणाला होता? आईने खुर्ची लॅपटॉपसमोर ओढली, दादाने तिच्या खांद्यामागून हातांवर कॅमेरा लावला, आणि बेडूक पहिल्याच छपरावरून खाली पडला.

आई हसली. परत खेळली. परत पडला. तिसऱ्यांदा कसाबसा पवनचक्कीपर्यंत गेला आणि पात्याचा फटका खाऊन आला. आई आता हसत नव्हती.

"आण इकडे," म्हणत मी कंट्रोलर घेतला. मीही पहिल्याच छपरावरून पडले.

"बघ, मीपण पडले."

"तू नेहमीच पडतेस," आई म्हणाली. ते खरं होतं.

तिने मनगट चोळलं आणि उठली. "गेला हात. बरं झालं, कोणाला पाठवण्याआधी कळलं. शिंप्याला सांग, सोमवारी ये म्हणावं." ती आत जाऊन पडली. मला रडू यायला लागलं, आणि मला रडू आलं की मी कोणावर तरी ओरडते, म्हणून मी दादावर ओरडले.

तो मात्र कॅमेऱ्यात डोकं घालून बसला होता. "गप जरा. इकडे ये," तो म्हणाला.

त्याने हातांचं चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत दाखवलं. हातांच्या मागे लॅपटॉपची स्क्रीनही कॅमेऱ्यात आली होती. आईचा अंगठा खाली गेला. बेडूक बसलेला. पुढची फ्रेम, अंगठा बटणावर टेकलेला, बेडूक बसलेलाच. आणखी पुढे, आणखी पुढे, अंगठा पुन्हा वर निघाला तेव्हा कुठे बेडकाने पाय उचलला.

"अंगठा वेळेवर आहे," दादा म्हणाला. "चित्रच उशिरा पोचतंय. त्या डबीतून लॅपटॉपपर्यंत यायला वेळ लागतोय त्याला."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुकानदार काय विचारत होता ते तेव्हा कळलं. मी दादाला मिठी मारली, लहानपणापासून पहिल्यांदाच असेल. मग ती वायर उपटून परत टीव्हीला लावली आणि आईला हात धरून बाहेर आणलं.

"एकदाच खेळ. रेकॉर्डिंग नाही, काही नाही."

ती नाइलाजाने बसली. बेडूक सरसर छपरं ओलांडत गेला आणि पात्यांमधून सुळकन निघून तळ्यात पडला. आई कंट्रोलरकडे बघत राहिली. दादाने तिला कॅमेऱ्यातला अंगठा दाखवला. तिने तो तीनदा बघितला.

"म्हणजे मी नाही," ती म्हणाली. "वायर."

"वायर नाही, ही," दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी ऐकून घेतलं.

शनिवारी शटर वर जायच्या आधीच मी दुकानासमोर उभी. दुकानदाराला म्हटलं, "बघणार टीव्हीवर." तो नुसता गालात हसला आणि त्याने वेगळा डबा काढला. याला दोन वाटा होत्या. कन्सोलचं चित्र आत आलं की एका वाटेने ते न थांबता टीव्हीला जायचं आणि दुसऱ्या वाटेने लॅपटॉपमध्ये साठायचं. खेळायचं टीव्हीवर. लॅपटॉपवर चित्र उशिरा पोचेना का, त्याच्याकडे बघतंय कोण.

घरी जोडलं तर टीव्हीवर बेडूक आणि लॅपटॉपवर अंधार. दादाने बंद करून परत चालू केलं आणि माझ्याकडे मिश्किल बघितलं. शेवटी डब्यातल्या चिठोऱ्यात सापडलं, कन्सोलला आपलं चित्र कोणी चोरू नये म्हणून कुलूप असतं, ते त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन उघडावं लागतं. कालच्या डबीने ते कुलूप जुमानलंच नव्हतं. उघडलं. दोन्हीकडे बेडूक आला आणि आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

दोन फेऱ्या पवनचक्कीवर गेल्या. तिसरीला आईने गळ्यातला स्कार्फ काढून बाजूला ठेवला. मी श्वास रोखला होता, दादा भिंतीला चिकटला होता. एक छप्पर, दुसरं, चिमणीवरून ती लांब उडी जी मला आजवर जमलेली नाही, मग पाती. बेडूक आत शिरला, मला वाटलं पातं लागलं, आणि पाणी उडालं. आईचा आजवरचा सगळ्यात कमी वेळ. दादाने भिंतीवर गुद्दा मारला आणि शेजाऱ्यांनी पलीकडून परत मारला. मी आनंदाने अक्षरशः नाचत होते.

पाठवायच्या आधी आईने रेकॉर्डिंग बघायला मागितलं. तिने बेडकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिचे डोळे कोपऱ्यातल्या हातांवर होते. ऑपरेशनची खूण दिसत होती, नखात अडकलेला निळा दोरा दिसत होता. "परत लाव," ती म्हणत राहिली. मग म्हणाली, "थरथरत नाही गं." आणि मंडळाला पाठवून दे म्हणून झोपायला गेली.

रविवारभर मी फोन तपासत होते. उत्तर आलं नाही. सोमवारी सकाळी मी आईबरोबर दुकानात गेले तोवरही नाही. थोड्या वेळाने शिंपी हातगाडी घेऊन दारात आला आणि तिथेच थबकला. टेबलावर कोटाचं गडद हिरवं कापड पसरलेलं होतं, खडूच्या रेघा मारलेल्या होत्या, आणि आई त्यावर वाकून कापत होती. कारागीर हातांना काही काम नसल्यासारखा बाजूला उभा होता.

"टेबल न्यायला आलो होतो," शिंपी म्हणाला.

"रिकामं नाही," आई म्हणाली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मंडळाचं उत्तर होतं. हातांच्या प्रत्येक हालचालीसकट रेकॉर्डिंग तपासलं, मान्य आहे, फलकावर तिसरा क्रमांक.

"आई, त्यांचं उत्तर आलंय."

"नंतर," ती मान वर न करता म्हणाली. "कात्री कापडावर असताना बोलू नये."

मी फोन खिशात ठेवला आणि गळ्याची गोलाई पुरी होईपर्यंत गप्प उभी राहिले.