टाक्यावरचा रंगमंच

"दत्तारामकाका, या रंगमंचाखाली माणूस पुरलाय, हे खरं का हो?"

कुंदाने एका दमात विचारून टाकलं. मागे तटाच्या पायऱ्यांवर वसुधा आणि जयंती तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. 'विचारून दाखवच!' म्हणाल्या होत्या ना? घ्या! स्नेहसंमेलनात राणीचं काम मिळाल्यापासून कुंदा कुणालाच घाबरत नव्हती. रविवारी नाटक इथेच होतं, वाळूच्या दांड्यापुढच्या जुन्या किल्ल्यात, उघड्या आभाळाखाली.

किल्ल्याचा राखणदार दत्ताराम मात्र हसला नाही. त्याने झाडू भिंतीला टेकवला.

"माणूस नाय गो बाय. पाणी आसा. वीस हात."

मग त्याने सगळं सांगितलं. हे फिरंगी शिपायांचं पाण्याचं टाकं. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी शाळा चालवणाऱ्या मंडळाने त्यावर सागवानी वासे टाकले, वर फळ्या, फळ्यांवर मुरूम, आणि झाला रंगमंच! प्रत्येक नाटकाआधी दत्ताराम मधोमध उभा राहून गाऱ्हाणं घालायचा, तिथेच नारळ आपटायचा आणि जमिनीला कान लावायचा.

"लोकांका वाटता, मी देवाक सांगतंय. मी लाकडाक इचारतंय."

"आणि आता?"

"तीन वर्सां झाली, नारळ दारात फुटता. पावण्यांचो फोटो बरो येता."

कुंदाचे कान तापले. ही पद्धत मंडळाच्या नव्या सेक्रेटरींनी पाडली होती. सेक्रेटरी म्हणजे तिचे बाबा.

"मग आत्ता फोडा ना!"

दत्तारामने खोपटातून नारळ आणला. तिला तटाजवळच थांबवलं. स्वतः एकेक पाऊल चाचपत मधे गेला, पुटपुटला आणि नारळ आपटला. आवाज टणक यायला हवा होता. आला तो दमट, पिकलेल्या फणसावर थाप मारावी तसा. क्षणभर काहीच नाही. मग त्याच्या पायांखाली, खूप खोल, काहीतरी सुटून पाण्यात पडलं. पाठोपाठ आणखी एक.

जयंती रडायलाच लागली. दत्ताराम खाली बसला आणि तसाच मागे सरकत कडेला आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

घरी बाबा निमंत्रणपत्रिका लिहीत बसले होते. कुंदाने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"दत्ताराम दर वर्षी हेच सांगतो. खुळचट समजुती! पाहुणे ठरलेत, खुर्च्या ठरल्यात."

"समूहनृत्यात चाळीस मुली आहेत, बाबा. एकदम पाय आपटणार आहेत."

"कुंदे, वाद नको गं," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "राणीचं काम मिळालंय ना? नीट कर."

बाबांनी पुढचा लिफाफा ओढला. राणीचा जरीचा शेला खुर्चीवर इस्त्री करून ठेवला होता. कुंदाला रडू येत होतं, पण आवाज अगदी स्वच्छ निघाला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

"आई, बाबा, मी रविवारी काम करणार नाही. आणि उद्या प्रार्थनेनंतर मी सगळ्या शाळेसमोर उभी राहून सांगणार आहे, त्या टाक्यावर कुणीही चढू नका. सेक्रेटरींचीच मुलगी सांगतेय म्हटल्यावर ऐकतील सगळ्या."