कांद्याच्या शेडमधलं कुलूप

“काकी, चावी दे.”

“कशाला?”

“आत बसून गाणं म्हणायचंय! संडासाची चावी माणूस कशाला मागतं गं?”

शेडभर हशा पिकला. मागणारी होती रेडिओ. तोंड सकाळी सुरू झालं की सुट्टी होईपर्यंत बंद व्हायचं नाही, म्हणून तिला आम्ही रेडिओ म्हणायचो. आणि चावी होती खिळाकाकीच्या कमरेला.

खिळाकाकी आमची मुकादमीण. कांद्याच्या ढिगापुढे एकदा बसली की जेवणाच्या सुट्टीशिवाय उठायची नाही. सून आली, केस पिकले, तरी हीच तऱ्हा. मालक नव्या बाईला तिच्याकडे बोट दाखवून सांगायचा, “काम असं करायचं.” काकीला त्याचा भारी अभिमान.

“घरून जाऊन यायचं,” काकी रेडिओला म्हणाली. “मी एवढं आयुष्य काढलं इथे. मला काय झालं?”

“तुझं काय, तू दगडाची. आम्ही मातीच्या.”

“मग माती घट्ट मळून ये.”

पुन्हा हशा. मीही हसले. मी काकीची शेजारीण, रांगेत तिच्या डाव्या हाताला बसायचे. उजव्या हाताला तिची सून. चावीचा विषय निघाला तशी सुनेनं मान वर केली होती. काकीचं उत्तर ऐकलं आणि मान पुन्हा कांद्यात घातली. ते मी पाहिलं, काकीनंही पाहिलं. दोघींनी पुढचा कांदा उचलला.

आमच्याकडे न उठण्याची रीत जुनी होती. पूर्वी जायचं म्हणजे शेताच्या बांधापलीकडे झुडपात, आणि वाटेवर हमाल विड्या ओढत बसलेले. पाणी प्यायलं की जावं लागतं आणि गेलं की चार डोळे पाठीला चिकटतात, त्यापेक्षा पाणीच नको. वरून पत्रा तापलेला, खाली कांद्याची धूळ, टरफलं घामाला चिकटलेली. घसा कोरडा पडला की काकीनं शिकवलेला उपाय होता. शर्टाचं एक बटण जिभेखाली ठेवायचं. तोंडाला पाणी सुटतं, तहान मरते. नव्या बाईला काकी स्वतः बटण धुऊन द्यायची. सुनेला दिलं तेव्हा मोत्यासारखं पांढरं बघून दिलं होतं.

मग नर्सबाई यायला लागल्या. कामाच्या जागी माणसं निरोगी राहावीत म्हणून त्यांची खटपट. पाणी प्या, तासाला उठून कंबर सरळ करा, पालेभाजी खा. आम्ही माना डोलवायचो आणि त्यांची पाठ वळली की कांद्याकडे वळायचो. पण बाई चिवट. मालकाच्या मागे लागून लागून त्यांनी शेडच्या कडेला बायकांसाठी संडास बांधून घेतला. पांढऱ्याशुभ्र फरशीचा, नळाचा. तेवढ्यात बातमी आली की कामाची निरोगी जागा कोणती हे ठरवायला पाहुणे येणार, पहिल्या नंबराला पाटी मिळणार. मालक काकीला म्हणाला, “काकी, हे तुमच्याकडे. एक डाग दिसता कामा नये.”

काकीच्या हवाली जन्मात कुणी इतकं पांढरं काही केलं नव्हतं. तिनं कुलूप लावलं. रोज सकाळी उघडायची, कुणी पाऊल न टाकलेली फरशी धुवायची, पुसायची आणि परत कुलूप. पाहुणे आले, बघून खूश झाले. शेडच्या दारावर पाटी लागली. मग म्हणे याहून मोठे पाहुणे येणार. कुलूप तसंच राहिलं. नर्सबाई यायच्या त्या दिवशी तेवढं ते निघायचं. आम्हाला सगळं कळत होतं, पण काकीच्या तोंडी कोण लागणार? एक रेडिओ लागायची, तिच्यावर आम्ही हसायचो.

त्या चावीच्या वादानंतर आठवडाही गेला नसेल. सून कांद्याची पाटी उचलायला उठली आणि पाटीसकट खाली बसली. अंगाला हात लावला तर तवा. ओठ पांढरे. काकी ओरडली, “अगं, ताप होता तर सांगायचं नाही का?” सुनेचा नवरा, म्हणजे काकीचा मुलगा, मालाचा टेम्पो चालवायचा. कांद्याच्या गोण्या रस्त्याकडेला उतरवून त्यानं बायकोला त्यात घातलं. काकीबरोबर मीही चढले.

दवाखान्यात कळलं, लघवीला जळजळ कितीतरी दिवसांपासून होती. ते दुखणं वर चढत चढत मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिवावरचं टळेल, पण एक मूत्रपिंड आता कायमचं अधू राहील. नर्सबाई धावत आल्या होत्या. त्यांनी काकीला साधंच विचारलं, “पाणी किती प्यायची हो ती?”

काकीनं कमरेची चावी मुठीत घट्ट धरली.

“तुझा काय दोष, आई,” मुलगा म्हणाला. “तिनंच सांगायला हवं होतं.”

त्यानं बरं वाटावं म्हणून म्हटलं, पण काकीचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला.

आम्ही खाटेजवळ गेलो तर सुनेनं हळूच सासूचा हात धरला. “आई, घाबरू नका. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कामावर संडास आहे का? मी आहे म्हणाले. खोटं नाही ना बोलले?”

“तू मागितली का नाहीस गं चावी?” काकीचा आवाज चिरकला.

“तुम्ही मला दिली असती, तर बाकीच्या म्हणाल्या असत्या, सुनेला वेगळा न्याय. आणि मला नाही म्हणाल्या असत्या, तर मला वाईट वाटलं असतं.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. काकी बाहेर येऊन पायरीवर बसली. मला म्हणाली, “शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं गं. पोरगी मलाच सांभाळून घेतेय.” मी तिच्या शेजारी टेकले. चावीवरून मीही हसले होतेच की.

दुसऱ्या दिवशी काकी शेडवर आली आणि सरळ जाऊन कुलूप काढलं. मालक धावला. “अहो काकी, परवा मोठे पाहुणे आहेत!”

“असू देत. माणसं वावरतात तिथं घाण होते आणि ती धुता येते. माझ्या सुनेचं झालंय ते धुता येत नाही.”

मालक पुटपुटत आत गेला. काकीनं पाण्याची कळशी घेतली आणि रांगेतून एकेकीला पेला भरून दिला. “प्या.” आम्ही प्यायलो. मग दार उघडं आणि आम्ही बसलेल्या. ऊन चढलं तरी कुणी उठेना. रेडिओसुद्धा. “मला आत्ता नाही आलेली,” म्हणाली आणि लाल झाली. हमाल बघत होते ना.

तेव्हा काकी उठली. भरल्या कामातून, सगळ्यांच्या देखत. शेडमधले हात थांबले. पदर खोचून, हमालांच्या समोरून ती ताठ चालत गेली आणि आतून कडी लावली. बराच वेळ लागला. मग बादली ओतल्याचा मोठा आवाज आला आणि काकी हात पुसत बाहेर आली. “बघताय काय? पुढची कोण?”

रेडिओ उठली, तिच्या मागे दुसरी, मग तर रांगच लागली. त्या दिवशी निम्मे ढीग तसेच राहिले, मालक आरडाओरडा करून दमला. काकीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी दवाखान्याच्या वाटेला लागलो. मी म्हटलं, “काकी, आज जिंकलीस बघ.”

“कसली जिंकते. मला तर झालीच नाही गं. इतकी वर्षं दाबून धरलं, आता अंग ऐकत नाही. नुसती बादली ओतून आले.”

“मग एवढा वेळ आत काय करत होतीस?”

ती चालता चालताच म्हणाली, “रडायला पण कडी लागते, बाई. पोरीला तेवढीही दिली नव्हती मी.”