नागप्पाच्या घराचा नंबर

सोमवारी सकाळी महानंदा साठावी भाकरी थापत होती. कडक भाकरी करणाऱ्या बाईला चुलीपुढून हलता येत नाही. पातळ थापायची, भाजायची आणि मग निखाऱ्याच्या कडेला उभी करून पार कडक होईतो शेकायची. भवानी पेठेतल्या दुकानाला दुपारपर्यंत शंभर भाकरी द्यायच्या होत्या. त्यामुळे वस्तीचा पंच रुद्रप्पा दारात येऊन उभा राहिला तेव्हा तिने मान वर केली नाही. तो कशाला आलाय ते तिला ठाऊक होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बंगला फुटल्याची बातमी सकाळीच नळावर पोचली होती.

शहरात मोठी चोरी झाली की या वस्तीतला एक माणूस पोलीस ठाण्यात जातो. त्याला धरायला कुणी येत नाही. ठाण्यातून रुद्रप्पाला नुसता फोन येतो, एक पाठव म्हणून. वस्तीत चाळीस घरं, त्यांचे नंबर लावलेले. ज्या घराचा नंबर असेल तिथल्या गड्याने जायचं, दोन-चार दिवस मार खायचा आणि चोर दुसरीकडे सापडला की परत यायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. इथे तर संन्याशांनीच आपली रांग लावून ठेवली होती.

ही रांग काही हौसेने लागली नव्हती. इंग्रजांनी या लोकांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, तारेच्या कुंपणात कोंडलं आणि रोज हजेरी घेतली. स्वराज्य आलं, तो कायदा गेला, तारही निघाली. शहर वाढलं, पोलीसही वाढले. साहेब बदलत राहिले, पण चोरी झाली की वस्ती, हा पाठ काही कुणी विसरला नाही. पूर्वी जीप वस्तीत शिरायची, बायकांना फरफटत बाहेर काढायची, मडकी फोडायची. ते थांबावं म्हणून रुद्रप्पाच्या बापाने साहेबाच्या पाया पडून नंबर ठरवून घेतले. जीप यायची थांबली, आणि ठाण्याचाही सुंठेवाचून खोकला गेला.

गेल्या माघात नंबर नागप्पाचा होता. महानंदानेच नवऱ्याच्या अंगावर दोन सदरे चढवले, एकावर एक, म्हणजे काठीचा वळ कमी उठतो. चार दिवस विटू नयेत म्हणून कडक भाकरीच फडक्यात बांधून दिल्या. नागप्पा आपल्या पायांनी चालत गेला. चौथ्या दिवशी परत आला तेव्हा त्याला बसवत नव्हतं आणि लघवीवाटे रक्त जात होतं. नवव्या दिवशी तो गेला. महानंदा रडली नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. ती खंबीर नव्हती, बधिर झाली होती. तव्याचा चटका बसला तरी तिला फोड दिसल्यावरच कळायचं.

तिची मुलगी अपेक्षा कॉलेजात शिकत होती. तिने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता. परवा त्याचं उत्तर आलं: सदर नावाच्या इसमास चौकशीकामी ठाण्यात आणल्याची कोणतीही नोंद आढळून येत नाही. अपेक्षाने ते आईला दोनदा वाचून दाखवलं. बाबांना कुणी आणलंच नव्हतं, ते स्वतः गेले, म्हणून वहीत त्यांचं नावच नाही, असं तिने समजावलं. महानंदाने ऐकून घेतलं आणि पीठ चाळायला घेतलं. नवरा मेला तो मेलाच, आता तो ठाण्यात गेलाच नव्हता असंही ठरलं.

"महानंदा, नंबर फिरून तुझ्या घरावर आलाय," रुद्रप्पा म्हणाला. "मंजुनाथला दुपारच्याला सोड."

मंजुनाथ तिचा थोरला, टॉवेलच्या कारखान्यात माग चालवणारा. तो कामावर निघाला होता. त्याने हातातला डबा खाली ठेवला, खुंटीवरचा बापाचा सदरा काढला आणि अंगातल्या सदऱ्यावर चढवायला लागला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. महानंदाचा भाकरीवरचा हात थांबला.

"काढ ते," ती म्हणाली. मग रुद्रप्पाकडे वळली. "मामा, ह्यो जानार न्हाय."

रुद्रप्पा चिडला नाही. थकल्या आवाजात म्हणाला, "ह्यो गेला न्हाय तर जीप येती. चाळीस घरं हायत हितं. तुज्यापायी समद्यांनी भोगायचं व्हय?"

"येऊ द्या जीप. धरून नेलं तर वहीत लिवावं लागतंय. पोरांचे वडील आपल्या पायानं गेले, म्हनून ते कुटंच गेले न्हवते."

रुद्रप्पा निघून गेला. तासाभरात वस्तीतल्या बायकांनी मडकी आत घेतली. शेजारची काशम्मा येऊन बोल लावून गेली, पोराबाळांचा तरी विचार कर म्हणाली. महानंदाने राहिलेल्या भाकरी पुऱ्या केल्या. भीती वाटायला हवी होती, पण ती काही येईना.

चारच्या सुमाराला जीप आली. तरुण फौजदार आणि दोन शिपाई उतरले. मंजुनाथला जरा चौकशीला न्यायचंय, तासाभरात सोडतो, असं फौजदार म्हणाला. महानंदा उंबऱ्यात उभी राहिली. अपेक्षाने मोबाइल समोर धरला होता, चित्रण चालू होतं.

"लिवून द्या साहेब," महानंदा म्हणाली. "त्याचं नाव, कशापायी बोलावलं, किती वाजता."

शिपाई हसला. आजपर्यंत या वस्तीत कुणी कागद मागितला नाही, म्हणाला.

"व्हय की. म्हनूनच मागतीया."

फौजदाराने आवाज चढवला. ती हलली नाही. मग मघाशी बोल लावून गेलेली काशम्मा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, तिच्यामागे आणखी पाच-सात बायका. कुणी ओरडलं नाही. फौजदाराने मोबाइलकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि बाजूला जाऊन कुणाला तरी फोन लावला. परत आला तो कागद घेऊनच. जीपच्या बॉनेटवर ठेवून त्याने नोटीस लिहिली, सही केली, वेळ घातली: उद्या सकाळी अकरा.

जीप गेल्यावर रुद्रप्पा आला. त्याने कागद हातात घेऊन उलटसुलट केला आणि अपेक्षाला वाचायला लावला. मग पुन्हा एकदा वाचायला लावला. तो पायरीवर बसला.

"इतकंच?" तो म्हणाला. "निस्तं मागायचं व्हतं?"

 तीस वर्षं नंबर सांगणारा तो म्हातारा तोंडावर उपरणं धरून रडत होता, आणि तिला त्याचा रागही येत नव्हता. तिने त्याला पाणी दिलं. कागद ट्रंकेत, नोंद नसल्याच्या त्या उत्तराजवळ ठेवला. अपेक्षा उद्यासाठी, माहितीचा अर्ज लिहायला मदत केलेल्या वकीलबाईंना फोन करत होती.

उद्या मंजुनाथचं नाव वहीत चढेल. पण वही ठाण्यातच असते आणि तिच्यात काय लिहिलं, काय गाळलं, हे विचारायला एकटी महानंदा पुरायची नाही. शहर आपलंही आहे.

संध्याकाळी तिने नागप्पाचा सदरा फाडला आणि तवा उतरवायला त्याची फडकी केली. उद्या मंजुनाथ एकच सदरा घालून जाणार होता.